फ्रिजवरचं दाताळं

"एवढी डबी तुमच्या फिरीजात ठेवता का, ताई? अन् सोमनाथला सांगू नका."

बायडाबाई दारात उभ्या होत्या. पदराखाली काहीतरी धरलेलं. ऑक्टोबरचं ऊन नुसतं भाजत होतं. लोडशेडिंग संपून पंखा आत्ताच कुठे फिरायला लागला होता आणि मी जरा पाठ टेकायच्या बेतात होते. दुपारी दार वाजवणाऱ्याचा मला राग येतो, पण बायडाबाईंना मी आत घेतलं. ही बाई उगीच कुणाचं दार वाजवणारी नव्हे.

डबी स्टीलची, चपटी, विड्याच्या सुपारीची असावी तशी. हातात घेतली तर बर्फासारखी गार. उघडून बघितलं तर इन्सुलिनची बाटली, आणि आतलं औषध पार दगड झालेलं.

"हे काय? गोठलंय की!"

"रोजच गोठतंय. टोचायच्या आधी तळहातात धरून बसते. पातळ झालं की वढून घेते. पन आताशा आत कनी दिसाय लागल्यात. म्हनलं, तुमच्याकडं नुसतं गारव्याला ठेवावं."

"आणि तुमचा फ्रिज?"

"तो रुसलाय," बायडाबाई म्हणाल्या. "वर बर्फ व्हतो अन् खाली गरम. दूध नासतं, भाजी सडती. अन् नाव माझं."

आता हा फ्रिज म्हणजे आमच्या इमारतीतला सगळ्यात मोठा फ्रिज. दोन दारांचा, तपकिरी, दारावर काच आणि काचेत लाल आकडे. सोमनाथने गेल्या पाडव्याला घेतला. तो स्वयंपाकघरात नाही, हॉलमध्ये सोफ्यासमोर उभा आहे. जागा नाही म्हणून, असं त्याची बायको निकिता सांगते. जागा आहे. पण आत ठेवला तर येणाऱ्याजाणाऱ्याला दिसणार कसा? हळदीकुंकवाला गेलं तरी आधी फ्रिज बघावा लागतो, मग वाण मिळतं.

बायडाबाई सोमनाथच्या आई. मखमलाबादच्या बाजूला त्यांचा मळा होता. शेवंती, झेंडू, गुलाब. उजाडायच्या आत पाट्या भरून सराफ बाजारात यायचं, वाटे लावायचे, विकायचे, आणि ऊन चढायच्या आत मळ्यात परत. सगळं आयुष्य त्यात गेलं. नवरा गेल्यावर मळा दिरांनी कसायला घेतला आणि सोमनाथने आईला इंदिरानगरला आपल्या फ्लॅटमध्ये आणलं. सोमनाथ अंबडला एका कंपनीत सुपरवायझर, निकिता पतपेढीत. दोघं सकाळी गेले की बायडाबाई आणि फ्रिज एवढेच घरात. माझ्यापेक्षा वयाने मोठ्या, तरी मला ताई म्हणतात. मी टेलिफोन खात्यात ऑपरेटर होते, पेन्शन घेते, चष्मा लावून पेपर वाचते, म्हणून असेल.

त्यांना साखरेचा विकार जुना. सुई स्वतःच्या हाताने टोचून घेतात. नवरात्रात साखर एकदम चढली, हे मला ठाऊक होतं. निकितानेच जिन्यात सांगितलं होतं, "आई चोरून गोड खातात हो काकू. काय करावं कळत नाही." मी तेव्हा नुसतं हूं केलं होतं.

आता बायडाबाई समोरच बसल्या होत्या. माझा स्वभाव आडपडद्याचा नाही. मी सरळ विचारलं, "खरं सांगा, गोड खाल्लंत का?"

बायडाबाईंनी माझ्याकडे एकवार बघितलं. मग डबीचं झाकण लावलं आणि उठल्या.

"तुमचं पन त्येच व्हय?"

मी हात धरून त्यांना खाली बसवलं. खाली बसल्या, पण डबी सोडली नाही.

"खाल्लं आसतं तर सांगितलं नसतं का? मला कुनाची भीती हाय? डागदर सगळ्या लोकांसमोर म्हनला, आजी, चोरून गोड खाता का. दवाखाना भरलेला. माझ्या शेजारी आमच्याच गावची एक बाई बसलेली. मला वाटलं, सोमनाथ बोलंल. तो म्हनला, आमी दोघं घरी नसतो, काय सांगावं. आसं म्हनला. घरी आल्यावर गुळाचा डबा, साखर, सगळं कपाटात. कुलूप. दसऱ्याला शिरखंड केलं तर वाटी दुसऱ्याच खोलीत नेऊन खाल्ली दोघांनी. खाल्लं तर खाल्लं, मला कुठं पायजे व्हतं. पन लपवून?"

माझ्या डोक्यात तिडीक गेली. ज्या बाईने जन्मभर उन्हातान्हात फुलं विकून पोराला शिकवलं, तिच्यासमोर गुळाच्या डब्याला कुलूप! आणि हे कुलूप लावणारे शिकलेसवरलेले, दोघं मिळवते.

"आणि फ्रिज कशाने बिघडला म्हणतात?"

"मी दार उघडं टाकते म्हनं. कधी म्हनतात लाईट जाती म्हनून, कधी म्हनतात मी काचेवरचं काहीबाही दाबलं. अवो, मी पयल्या दिशीच सांगितलं त्यांना. म्हनलं, काचेवर दाताळं आलंय. दाताळं, अन् त्याच्या शेजारी खालचा दात पडलेलं दुसरं दाताळं. लाल. उघडझाप करतंय. तर दोघं पोट धरून हसाय लागली."

हा विनोद माझ्यापर्यंत आला होता. सगळ्या इमारतीत फिरला होता. आईंना फ्रिजवर शेतीची अवजारं दिसतात, असं निकिता सांगायची. त्यात हसण्यासारखं काय ते मला तेव्हाही कळलं नव्हतं, आणि दाताळ्याचा अर्थही लागला नव्हता.

"चला," मी म्हणाले. "मला दाखवा ते दाताळं."

"आता नाय दिसायचं. त्याच्यावर देवी हाय."

हे ऐकून मी चपलाच घातल्या. शेजारच्या फ्लॅटमध्ये जायला चपला कशाला लागतात? पण रागात माणूस काहीही करतं.

बघते तर खरंच. फ्रिजच्या दारावर ती काच होती ना, नेमकी तिच्यावर सप्तशृंगी देवी. गडावरून आणलेलं, चकाकत्या कागदाचं, मागे गोंद असलेलं चित्र. दाबून, हवा राहू न देता चिकटवलेलं. कडेने लाल उजेड येत होता आणि जात होता.

"सोमनाथनं लावली," बायडाबाई म्हणाल्या. "म्हनला, पाव्हण्यांसमोर ते लाल लाल बरं दिसत नाय. आधी तर टुंई टुंई वाजायचं. त्यानं कुठलंतरी बटन दाबलं अन् आवाज बंद केला. उजेड काय बंद व्हईना, मग देवी लावली."

मला हसावं की रडावं कळेना. अहो, यंत्र बिचारं ओरडून सांगतंय, दिवा लावून सांगतंय, की मला काहीतरी झालंय. त्याचं तोंड दाबलं आणि वर देवी चिकटवली! आपल्याकडे दुखणं झाकायला देवीच सापडते. हाच सोमनाथ कंपनीत दिवसभर मशीनवरचे लाल दिवे बघण्याचा पगार घेतो.

मी चित्राच्या कोपऱ्याला नख लावलं. बायडाबाईंनी माझं मनगट धरलं.

"वरबडू नका, ताई. उद्या काय झालं तर म्हनतील, आईनं देवी उपटली."

त्या आत गेल्या, हात धुतले, कोरडे केले. फ्रिजसमोर उभं राहून हात जोडले.

"माये, जरा बाजूला सरक," त्या म्हणाल्या. "तुज्या आड लपलंय."

मग कोपऱ्यापासून, गोंद ओढत ओढत, कागद कुठेही फाटू न देता देवी काढली आणि देव्हाऱ्याच्या शेजारच्या भिंतीवर नीट लावली. गुलाबाची कलमं बांधणारी बोटं ती.

काचेत इंग्रजी ई होता आणि एफ. ई म्हणजे उभ्या दांड्याला तीन दात. एफ म्हणजे खालचा दात नसलेला. लाल, उघडझाप करणारे.

"हेच," बायडाबाई म्हणाल्या.

याहून नीट कसं सांगायचं हो एखाद्या माणसाने? इंग्रजी अक्षरओळख नाही. जे दिसलं ते सांगितलं, दोन्ही सांगितली, कुणाशेजारी कोण ते सांगितलं, रंग सांगितला. कागदावर काढून बघायची तसदी कुणी घेतली असती तर एका मिनिटाचं काम होतं. पण हसण्यात वेळ गेला.

फ्रिजची पुस्तिका कुठाय विचारलं तर कपाटात. त्याच कपाटात, साखरेबरोबर, कुलपात. मग फ्रिजच्या बाजूला चिकटवलेला कंपनीचा नंबर मी फिरवला. मराठीसाठी तीन दाबा म्हणाले, तीन दाबलं, तर हिंदी बोलायला लागले. मग बाजा वाजत राहिला. मी ज्या खात्यात होते तिथे सबस्क्रायबरला असं ताटकळत ठेवलं असतं तर सुपरवायझर बाईंनी खुर्चीतून उठवलं असतं. पण अखेर एक मुलगी आली, आणि खोटं कशाला बोलू, मुलगी चांगली होती. कोल्हापूरकडची असावी.

"ई एफ म्हणजे मॅडम, आतला पंखा फिरत नाहीये. गार हवा वरून खाली येत नाही. बहुतेक पंख्याभोवती बर्फ धरलंय. कधीपासून दाखवतोय कोड?"

मी बायडाबाईंकडे बघितलं.

"घट बसायच्या आधीपासनं," त्या म्हणाल्या.

"अहो, मग इतके दिवस फोन का नाही केला?" मुलीने विचारलं.

"फ्रिजवर देवी होती," मी म्हणाले.

तिने सांगितलं ते असं. हात कोरडे हवेत. आधी बटण बंद करायचं, मग पिन काढायची, वायर धरून ओढायची नाही. आतलं सामान काढून दोन्ही दारं उघडी टाकायची, खाली फडकी घालायची, आणि बर्फ आपोआप वितळू द्यायचं, दिवस लागला तर लागू दे. सुरी, स्क्रू-ड्रायव्हर, गरम पाणी, काही लावायचं नाही. मागचं झाकण खोलायचं नाही. दुसऱ्या दिवशी चालू करून बघायचा, आणि कोड परत आला तर पुन्हा बंद करून ठेवायचा, माणूस येईपर्यंत हात लावायचा नाही. तिने तक्रार लिहून घेतली.

मी पिनेकडे वाकले तर बायडाबाई पुढे झाल्या.

"थांबा. तुमचे हात बघू." त्यांनी माझे तळवे चाचपून बघितले. "मळ्यात मोटारीला वल्या हातानं शिवला म्हनून आमच्याकडं एक गडी गेलाय. चपला हाय ना पायात? ऱ्हाऊ द्या. आता वढा पिन."

वरचं दार उघडलं. मागच्या पडद्यावर पांढरंशुभ्र बर्फ धरलेलं आणि त्यावर टोच्याच्या खुणा. म्हणजे सोमनाथचा आधीच स्क्रू-ड्रायव्हर घालून झाला होता. त्याच्याच शेजारी बर्फाच्या ट्रेला चिकटून इन्सुलिनच्या बाटलीचा रिकामा खोका.

"औषध इथं वर कुणी ठेवलं?"

"सोमनाथनंच. खाली गरम व्हतं ना. म्हनला, बर्फात चांगलं टिकल."

मला तेव्हाच शंका आली. डबी घेऊन आम्ही दोघी कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये गेलो. उन्हाचं जाऊ नये हे ठाऊक होतं, पण थांबवेना. दुकानदाराने बाटली हातात घेतली, हलवली, उजेडात धरली.

"गोठली होती का?"

"रोज गोठते. वितळवून टोचतात."

"अहो काकू!" तो काउंटरच्या पलीकडून पुढेच झुकला. "इन्सुलिन गोठलं की गेलं. परत वितळवून उपयोग नाही. हे फेकून द्यायचं. किती दिवस घेताय हे? म्हणजे इतके दिवस तुम्ही पाणी टोचत होता! साखर चढणार नाही तर काय? डॉक्टरांना आजच सांगा, डोस ते ठरवतील."

बायडाबाई तिथल्या स्टुलावर खाली बसल्या. मला वाटलं चक्कर आली. मी दुकानदाराला पाणी मागितलं. पण त्यांना पाणी नको होतं. पदर तोंडाला लावून त्या रडत होत्या, आणि रडता रडता म्हणत होत्या, "म्हंजी मी खोटी नव्हते. ताई, म्हंजी मी खोटी नव्हते."

पाणी टोचून घेत होती ही बाई. सकाळ-संध्याकाळ, तळहातात बर्फ वितळवून. आणि तिला दुःख त्याचं नव्हतं. मला त्या दुकानात उभं राहून इतका राग आला की कुणावर काढावा ते कळेना.

संध्याकाळी निकिता आणि सोमनाथ एकदमच आले. फ्रिजची दारं उघडी, खाली फडकी, पाण्याची परात, डायनिंग टेबलावर भाज्या आणि दुधाची पातेली. आणि सोफ्यावर मी.

"आई! आता काय बिघडवलंत?" निकिताचा पहिला शब्द.

मी उठले. सगळं सांगितलं. कोड, पंखा, बर्फ, औषध, दुकानदार. नवी बाटली माझ्या फ्रिजमध्ये ठेवली आहे हेही सांगितलं. निकिता वाईट नाही. सोमनाथही वाईट नाही, हीच खरी पंचाईत आहे. वाईट असता तर चार शब्द सुनावून मोकळी झाले असते. आईला मळ्यात एकटी राहू दिली नाही त्याने. औषधाला कधी मागेपुढे बघितलं नाही. पण आईने तोंड उघडलं की त्याचा कान बंद होतो.

"काकू, तुम्ही केलंत ते बरं केलंत," तो बूट काढत म्हणाला. "पण आईने नीट सांगायला हवं होतं ना. दाताळं म्हणे! दाताळं म्हणजे काय समजायचं माणसाने?"

"का रे?" मी म्हणाले. "दहावीपर्यंत मळ्यातला पालापाचोळा कशाने ओढत होतास? दाताळं तुला ठाऊक नाही? मला नसेल ठाऊक, मी वाड्या-गल्लीत वाढले. तुला नाही?"

त्याने दुसरा बूट काढला.

"आणि तुझ्या कंपनीत मशीनचा लाल दिवा लागला आणि कामगाराने त्यावर देवी चिकटवली, तर काय करशील? घरी पाठवशील त्याला. इथे मात्र—"

"काकू, घरातल्या गोष्टी आहेत."

"आणि गोड खाल्लं म्हणून सगळ्या दवाखान्यात बोंब झाली ती? तीही घरातलीच ना? मग डॉक्टरांना जाऊन सांग, आईने खाल्लं नव्हतं म्हणून."

"सांगतो ना. फोन करतो आत्ताच."

"ताई, जाऊ द्या," बायडाबाई आतून चहा घेऊन येत म्हणाल्या. "दमून आलाय तो."

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ते मी ऐकलं होतं. पण इथे संन्यासीच फाशी देणाऱ्याला चहा करून देत होता. मी चहा न घेता घरी आले.

सोमनाथने फोन केला. डोस कसा सुरू करायचा ते विचारून घेतलं, औषध गोठल्याचंही सांगितलं. बाकीचं सांगितलं की नाही, ते मी विचारलं नाही. इतकं सगळं विचारावं लागावं का माणसाला?

दुसऱ्या दिवशी फ्रिज चालू केला, दुपारपर्यंत ठीक चालला आणि संध्याकाळी ई एफ पुन्हा हजर. बायडाबाईंनी लगेच बटण बंद केलं, पिन काढली आणि मला सांगायला आल्या. कुणाला काही सांगायच्या आधी मला. मग कंपनीचा माणूस आला. मी मुद्दाम जाऊन बसले. त्याने वरचा पडदा खोलला, पंख्याची मोटर जळाली होती ती बदलली, फ्रीजरमध्ये पिशव्या कोंबू नका, हवेची भोकं बुजतात, असं निकिताला सांगितलं. वॉरंटीत होतं सगळं. शेवटी कागद भरताना त्याने विचारलं,

"कोड कधीपासून येत होता?"

"परवापासून," सोमनाथ म्हणाला.

बायडाबाई खाली बसून गवार मोडत होत्या. त्यांचे हात थांबले. एवढंच. मग पुन्हा शेंग घेतली. वॉरंटीची काही अडचण नव्हती, खोटं बोलायचं काही कारणही नव्हतं. पण घटाच्या आधीपासून म्हणायचं तर आईने सांगितलं होतं असं म्हणावं लागलं असतं. मी तोंड उघडणार होते. बायडाबाईंनी माझ्याकडे बघून मान हलवली, नको म्हणून. त्यांच्यासाठी मी गप्प बसले. घरी येऊन भांडी मात्र इतकी आपटली की माझ्या यजमानांनी पेपर खाली ठेवून विचारलं, काय झालं.

दिवाळीच्या तोंडावर साखर पुन्हा तपासली. मी म्हटलं, मीही येते दवाखान्यात. सोमनाथला आवडलं नाही, पण नको म्हणायचं त्याला सुचलं नाही. दवाखाना बायडाबाईंनी सांगितला होता तसाच भरलेला. डॉक्टरांनी रिपोर्ट बघितला आणि त्यांचा चेहरा खुलला. आवाज मोठा आहे त्यांचा, बाहेर शेवटच्या बाकापर्यंत जातो.

"अरे वा, आजी! बघा, गोड सोडलं की कशी उतरली! मी सांगत नव्हतो?"

मी सोमनाथकडे बघितलं. आता बोलेल. आता तरी. आई शेजारी बसली होती, रिपोर्ट समोर होता, फक्त एक वाक्य बोलायचं होतं.

"कपाटाला कुलूप लावलं, डॉक्टर," तो हसून म्हणाला.

मला वाटलं माझ्या कानात काहीतरी फुटलं. "अहो डॉक्टर," मी म्हणाले, "त्यांचं इन्सुलिन गोठत होतं. फ्रिजचा पंखा बंद होता. त्यांनी काही खाल्लं नव्हतं. एक कण खाल्ला नव्हता."

"हो, हो, यांनी फोन केला होता ना. गोठवायचं नाही ते कधी," डॉक्टर प्रिस्क्रिप्शन लिहिता लिहिता म्हणाले. "पण पथ्य पाहिजेच. या वयात जीभ आवरत नाही, आमच्या आईचंही तेच. दिवाळी आलीय आजी, जपून हं!"

"मी खाल्लं नव्हतं," बायडाबाई म्हणाल्या.

हळू म्हणाल्या नाहीत. स्पष्ट म्हणाल्या. पण डॉक्टरांनी घंटी दाबली होती आणि पुढचा पेशंट चपला काढून आत आला होता. सोमनाथ आईला उठायला हात देत होता. प्रेमाने देत होता, हेही मी बघितलं. रिक्षात त्याने बाटल्यांची पिशवी स्वतःच्या मांडीवर घेतली आणि आईला कडेची जागा दिली. घरापर्यंत मी त्याच्याशी बोलले नाही. बोलले असते तर रिक्षावाल्याने रिक्षा थांबवली असती.

लक्ष्मीपूजनाला निकिता मला बोलवायला आली. जायचं नाही असं ठरवलं होतं. पण बायडाबाईंनी निरोप दिलाय म्हणाली, म्हणून गेले. घर झकपक. फ्रिजच्या दारावर झेंडूची माळ, आतून थंडगार. काच पुसलेली, आकडे स्वच्छ दिसत होते. पूजा सोमनाथने केली. मळ्यातून दिरांनी शेवंती पाठवली होती. ती बायडाबाईंनी ताटात रचली होती, नुसती फुलं ठेवली तरी कुणी शिकलेल्या हाताने ठेवलीत हे कळावं अशी. आरती झाली. बाहेर पोरं फटाके उडवत होती आणि कुत्री जिन्याखाली शिरली होती.

निकिताने प्रसादाचं ताट फिरवलं. साळीच्या लाह्या, धणे आणि बत्तासे. मला दिलं, सोमनाथला दिलं. बायडाबाईंच्या समोर आली आणि तिचा हात ताटावर जरा घुटमळला. मग तिने लाह्यांबरोबर बत्तासेही उचलून त्यांच्या ओंजळीत टाकले.

"घ्या आई," ती म्हणाली. "सणाचं एवढं चालतं. काही होत नाही."

चांगल्या मनाने म्हणाली असावी. मला तसं वाटलं.

बायडाबाईंनी ओंजळ कपाळाला लावली. मग पाटावर बसून, डाव्या हातातल्या लाह्यांतून उजव्या हाताने एकेक बत्तासा वेचला आणि निकिताच्या हातातल्या ताटात परत ठेवला. एक. आणखी एक. छोटे तुकडेसुद्धा. घाई नाही, राग नाही. सोमनाथ बघत होता. सगळे वेचून झाले तेव्हा त्या म्हणाल्या,

"मोजून घे गं, निकिता."

"आई, असं काय..."

"मोजून घे."

मग उरलेल्या लाह्या त्यांनी सावकाश खाल्ल्या. एक दाणा खाली सांडला होता तो टिपून तोंडात टाकला. आणि दोन्ही तळहात उघडून आधी सुनेला दाखवले, मग लेकाला.